विरलेली चादर आणि एक कोरी जागा

शुक्रवार, दुपारची सुट्टी

तीर्थरूप आत्यास,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? कानात घालायचे थेंब घालतेस, की बाटली संपू नये म्हणून जपून ठेवलीयस? आम्ही सगळे मजेत आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरं सांगायचं तर मी तीन रात्री झोपलेली नाही. बाळाला बोल लावू नकोस, तो बिचारा आठाला पडतो तो एकदा दुधाला उठतो आणि परत मेल्यासारखा झोपतो. मला जागवतोय तो एक इंग्रजी शब्द. आणि गंमत म्हणजे तो शब्द कुठला, हेच अजून ठरलेलं नाही. ज्याचं नाव माहीत नाही अशा माणसाला शिव्या तरी कशा द्यायच्या, तसं झालंय माझं.

(आत्याला हे वाचून दाखवणारं जे कोणी असेल, शेजारची सून, वाणी, नाहीतर दवाखान्यातल्या नर्सबाई, त्यांना माझा नमस्कार. जरा मोठ्यानं वाचा, उजव्या कानाशी. मधेच ती रडायला लागली तर थांबू नका, ती आपली आपण गप्प होते.)

फोन का नाही केला असं विचारशील. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि तू प्रत्येक गोष्टीला "बरं झालं हो" म्हणतेस. मागे मी पडले, पाय मुरगळला, तरी तू "बरं झालं हो" म्हणालीस. म्हणून पत्र. यांच्या ओळखीचा एक ट्रकवाला तुझ्याकडून जातो, त्याच्या हाती देतेय. उद्या संध्याकाळपर्यंत मिळेल.

आता पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुला वाटायचं मी खरंच काहीतरी करून बसले. आमची धुलाई हॉटेलच्या तळघरात आहे. वर सहा मजल्यांवर लोक झोपतात आणि त्यांच्या चादरी भिंतीतल्या पत्र्याच्या नळकांड्यातून धप्पकन खाली येतात. मी तिथे छाटणीला आहे. खिडकी नाही, चार ट्यूब, एक लांब टेबल आणि टेबलापलीकडे पाच टोपल्या. प्रत्येक टोपलीवर इंग्रजी पाटी. डर्टी, सॉइल्ड, स्टेन्ड, वॉर्न, टॉर्न. मी पाचवीपर्यंत शिकलेली, मला पहिल्या दिवशी वाटलं एकच गोष्ट पाच भाषांत लिहिलीय, पाहुणे देशोदेशीचे असतात म्हणून. मग हळूहळू हातांनी शिकले. डर्टी म्हणजे माणूस झोपला, उठला आणि गेला. सॉइल्ड म्हणजे माणूस झोपला आणि उठायला उशीर झाला (आजारी असेल, लहान मूल असेल, आपण नाक धरायचं आणि बोलायचं नाही). स्टेन्ड म्हणजे असा डाग की चादर आधी मरेल, डाग मागे राहील. चहाचा, केसांना लावतात त्या काळ्या रंगाचा. घरी आपण या सगळ्याला मळलेलं म्हणतो आणि मोकळे होतो. इथे तसं चालत नाही. सॉइल्डचं पाणी वेगळं, स्टेन्डचं औषध वेगळं. टोपली चुकली की शंभर चादरी पिवळ्या.

पण खरी मेख शेवटच्या दोन टोपल्यांत. वॉर्न म्हणजे आपलं विरलेलं. ट्यूबसमोर धरलं की पलीकडून आपली बोटं दिसतात, पण भोक नाही. ते रफूला जातं. टॉर्न म्हणजे फाटलेलं. भोक पडलं, चीर गेली, मग त्याचे तुकडे करून फरशी पुसायला. दोन्ही जुनीच, पण एकीला अजून बिछाना आहे आणि दुसरीला बादली. हा फरक मला कोणी शिकवला माहितेय? आमच्या घडीसाहेबांनी. ते नवे सुपरवायझर. खरं नाव वेगळं आहे, पण विजारीची घडी अशी कडक की तिच्यावर भाजी चिरावी, म्हणून आम्ही बायका घडीसाहेब म्हणतो (त्यांना माहीत नाही, आणि वाचणाऱ्यांनी हे बाहेर सांगू नये). आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून एक वॉर्न चादर टॉर्नमध्ये गेली. त्यांनी ती सगळ्यांसमोर दोन बोटांत वर धरली, मेलेला उंदीर धरावा तशी. म्हणाले, "बाई, हे दोन शब्द एकच आहेत का? लोकांनी काय उगाच दोन शब्द केलेत?" मी मान खाली घातली. त्या दिवशी त्यांचं बरोबर होतं, मी मान्य करते. तेवढा एक दिवस.

आता आमच्या धुलाईतली एक जुनी चाल सांगते. कुठल्याही बाईला दिवस गेले की आमची सुईमावशी, म्हणजे रफूवाली, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, तोंडात कायम सुई, ती वॉर्नच्या टोपलीतून एक चादर निवडून ठेवते. सगळ्यात विरलेली, म्हणजे सगळ्यात मऊ. मग बाई मोकळी होईपर्यंत ती चादर प्रत्येक धुण्यात एकदा फिरवून काढायची. बाळ जन्मलं की मावशी चादरीच्या मधोमध अंगठा घालते आणि ओढते. चर्रर्र. झाली टॉर्न. मग ती रीतसर टॉर्नच्या टोपलीत टाकायची, टोपलीला जरा हलवायचं, आणि तिथून काढून तिची दुपटी आणि लंगोट कापायचे. मावशी म्हणते आपण नियम मोडला नाही, नियम फाडला. आजवर धुलाईतली सगळी पोरं याच चादरींवर मुतलीत. आधीच्या सुपरवायझरीणबाईंची नातसुद्धा. बाजारातलं कापड मावशी हातात घेते, गालाला लावते आणि म्हणते, "हे काय बाळाला नेसवायचं? याला आधी दहा वर्षं माणसं झोपवा." माझ्या बाळालाही एक चादर मिळाली. आत्या, ती इतकी मऊ आहे की हातात घेतली की हात रिकामा वाटतो.

आता माझी चूक. मावशीनं बजावलं होतं, कोपरा कापून टाक. कोपऱ्यात लाल दोऱ्यानं हॉटेलचं नाव भरलेलं असतं. पण तू मला काय शिकवलंस? धड असलेला भाग टाकायचा नाही. तो कोपरा दुहेरी शिवणीचा, चांगला टणक, लंगोटाची गाठ मारायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. बाकी सगळी चादर विरलेली, गाठ मारली की फाटते. मी तो कोपरा ठेवला. म्हणजे तुझाच दोष म्हण. (रडू नकोस, गंमत केली.)

तर मंगळवारी घडीसाहेब पाळणाघर बघायला गेले. आमच्या बाजूचीच खोली आहे, बॉयलरच्या भिंतीला लागून, उबदार. कामावरच्या बायकांची पोरं तिथे ठेवता येतात, म्हणून तर मी ही नोकरी धरलीय. साहेब आत गेले तेव्हा आपलं पोर पालथं पडून स्वतःचा हात खात होतं. आणि बरोबर ढुंगणावर, लाल दोऱ्यात, ठसठशीत, हॉटेलचं नाव. पुरावा स्वतः रांगत रांगत साहेबांच्या बुटाकडे आला, आत्या. वर हसलासुद्धा. नवीन दात दाखवले.

मला ऑफिसात बोलावलं. ऑफिस म्हणजे साबणाच्या पोत्यांमागचं टेबल. साहेबांनी कागद काढला, त्यावर इंग्रजीत लिहिलेलं, आणि बोट ठेवून एक ओळ वाचली, मी अमुक तारखेला हॉटेलची एक चादर "स्टोल". एवढा शब्द मला कळतो, तो टीव्हीवर असतो. मी म्हटलं, साहेब, चोरली नाही. ते म्हणाले, मग काय केलं? मी म्हटलं, घेतली. मग म्हणाले, घेतली आणि नेली, म्हणजे तेच. मी म्हटलं, नाही. तेव्हा ते वैतागले, तो कागद फाडला (सरळ, रफूच्या पलीकडे), आणि दुसरा लिहिला. त्यात त्या शब्दाच्या जागी एक रेघ ओढून जागा कोरी ठेवली. म्हणाले, "घे. टूक घाल, रिमूव्ह्ड घाल, बॉरोड घाल, तुला गोड लागेल तो घाल. सगळ्याचा अर्थ एकच. सोमवारी नऊला वरच्या मोठ्या साहेबांकडे जायचंय हे."

सगळ्याचा अर्थ एकच! आत्या, माझ्या अंगाची आग आग झाली. ज्या माणसानं एका विरलेल्या चादरीसाठी मला चार बायकांत उभं केलं, ज्याला विरलेलं आणि फाटलेलं एक म्हटलेलं चालत नाही, त्याला घेतलेलं आणि चोरलेलं एक चालतं? फडक्याला पाच टोपल्या आणि मला एकच? मी तिथल्या तिथे सांगितलं, आधी शब्द, मग सही. शब्द ठरल्याशिवाय मी पेनाला हात लावणार नाही. ताठ मानेनं बाहेर आले. तू असतीस तर तुला अभिमान वाटला असता.

तेव्हापासून मी शब्द शोधतेय. आधी गेटवरच्या वॉचमनला विचारलं, तो पूर्वी कुठेतरी पोलिसांच्या गाडीवर होता. तो म्हणाला, बॉरो घाल, बॉरो म्हणजे उसनं, उसन्याला कोणी चोर म्हणत नाही. मला पटलं, मी घरी पोचेपर्यंत खूश होते. मग आठवलं, उसनं म्हणजे परत द्यावं लागतं. आता ते लंगोट मी मोठ्या साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवायचे? कुठल्या टोपलीत घालतील ते? परत वॉचमनकडे गेले तर म्हणाला, मग स्टील, म्हणजे चोरणं, नको असेल तर रॉब तरी घालू नकोस हां, रॉब म्हणजे धाक दाखवून लुटणं. मी म्हटलं, अहो, धाक कोणाला दाखवणार, चादरीला? त्यावर तो इतका हसला की त्याला गेट उघडायचं भान राहिलं नाही आणि बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत बसला. माझ्या जिवाला घोर आणि याला हसू.

मग आमच्या चाळीतली एक नववीतली मुलगी आहे, तिच्याकडे जाड डिक्शनरी आहे. तिनं मोठ्या प्रेमानं पानं उलटली आणि म्हणाली, काकी, तुमच्यासाठी एकदम फिट शब्द सापडला. पिल्फर. मी विचारलं, म्हणजे काय गं? तर म्हणे, किरकोळ चोरी, कमी किमतीच्या वस्तूची. बघ आता! म्हणजे चोर तर चोर, वर फुटकळ चोर. मी तिला म्हटलं, बाळा, तुझा अभ्यास कर. काकी म्हणते ती मला, आणि मी तिच्याहून सातच वर्षांनी मोठी. त्याचाही राग आला, पण तो नंतरसाठी ठेवलाय.

वरच्या मजल्यावर पाहुण्यांची नावं लिहून घेते ती मुलगी मला पहिल्यापासून जीव लावते. तिनं मात्र नीट ऐकून घेतलं. ती म्हणाली, टूक म्हणजे घेतली, पण विचारून की न विचारता ते त्यात कळत नाही, म्हणून वाचणारा त्याला हवं ते समजेल. रिमूव्ह्ड म्हणजे जिथे होती तिथून हलवली, हा शब्द साळसूद दिसतो पण ऑफिसात तो चोरीलाच पांढरा शर्ट घालून वापरतात. गॉट म्हणजे मिळाली. पण मिळाली म्हटलं की पुढचा प्रश्न, कोणाकडून? आणि गिव्हन म्हणजे दिली, त्यात तर देणारा आलाच. ती म्हणाली, खरा शब्द हाच आहे, तुला दिली होती. तेच लिही.

आणि तिथेच मी अडले. कारण देणारी म्हणजे सुईमावशी. मी "दिली" लिहिलं तर मी सुटते आणि ती जाते. इतकी वर्षं तिनं किती जणींना किती चादरी दिल्या, ते सगळं निघेल. तिला निवृत्तीपर्यंत अजून दीड वर्ष काढायचंय. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. तिला विचारलं तर तोंडातली सुई काढून म्हणाली, "घाल की माझं नाव. मला काय भीती? माझे दातच मोजून तीन राहिलेत, ते काय पाडणार?" आणि परत रफू करायला लागली. पण दोरा सुईत जाईना, आत्या. चार वेळा थुंकी लावली. मी बघितलं. म्हणून तो शब्द मी घालणार नाही. मेले तरी नाही.

मग राहिलं काय? "घेतली" म्हटलं तर माझी नोकरी जाईल, नोकरी गेली की पाळणाघर गेलं, आणि पोराला पाठीला बांधून मला कोण कामावर ठेवणार? हे तर गाडी घेऊन गेलेत, मंगळवारशिवाय येत नाहीत आणि त्या घाटात फोन लागत नाही. आणि वॉचमन म्हणतो कागदावर चोरी आली की पोलिसांकडेही देऊ शकतात. मला कळत नाही पोलीस आईला नेतात तेव्हा अंगावर पिणाऱ्या पोराचं काय करतात. कोणाला विचारायचीही भीती वाटते, कारण विचारलं की कोणीतरी उत्तर देईल.

तू म्हणशील, दादाला विचार. तुझा लाडका, कोर्टाच्या दारात टायपिंगचं टेबल टाकून बसतो, रोज असलेच शब्द बडवतो. नाही विचारणार. मी ही नोकरी धरली तेव्हा तो सगळ्यांसमोर काय म्हणाला ते तू ऐकलंयस (त्या दिवशी तुला बरोबर ऐकू आलं होतं). म्हणाला, "हिला टोपलीवरची पाटी तरी वाचता येईल का?" मी म्हटलं होतं, वाचता येईल, आणि तुझं तोंड मी परत बघणार नाही. त्याला सव्वा वर्ष झालं. बाळाला बघायला आला नाही, मी बोलावलं नाही. आज त्याच्याकडे गेले तर तो काय म्हणेल ते मी इथे बसून ऐकू शकते. माझ्याही अंगात आपलंच रक्त आहे. टोपल्यांवरच्या पाच पाट्या मी वाचते, नुसत्या वाचत नाही, डोळे मिटून हातानं सांगते. त्यानं एकदा येऊन वॉर्न आणि टॉर्न ओळखून दाखवावं.

तेव्हा तू काही काळजी करू नकोस. सोमवारी नऊला मी वर जाणार आणि मोठ्या साहेबांना तोंडानं सांगणार, की साहेब, तुमच्या भाषेत इतके शब्द आहेत पण त्यात आमची चाल बसेल असा एकही नाही. तोवर ती जागा कोरी राहील. माझी सही माझ्या हातात आहे. एवढं धैर्य तूच दिलंयस मला.

सुट्टी संपली, भोंगा झाला. थेंब घाल कानात. जपून राहा.

तुझीच,
धाकटी

ता. क. बाळाला खालचे दोन दात आलेत. पिताना चावतो. त्याचा फोटो काढलाय, पण त्यात लंगोटाचा कोपरा दिसतो म्हणून पाठवला नाही.

ता. क. २. यांचा फोन तुझ्याकडे आलाच तर यातलं काही बोलू नकोस. ते साहेबाची कॉलर धरतील आणि मग त्यालाही इंग्रजीत शब्द शोधावा लागेल.

ता. क. ३. हे फक्त वाचणाऱ्यांसाठी आहे. आत्याला मोठ्यानं वाचू नका. पत्र संपलं म्हणून सांगा, हवं तर पाणी आणायला उठा. वर मी ताठ मानेनं बाहेर आले असं लिहिलंय ते खोटं आहे. मी सही केली. मंगळवारीच. पाळणाघर पाचला बंद होतं, पाचला पाच मिनिटं होती, भिंतीपलीकडून बाळ रडत होता आणि साहेब दार अडवून उभे होते. त्याचा आवाज ऐकून माझं दूध सुटलं, ब्लाउज भिजायला लागला, मी टेबलावरची फाईल छातीशी धरली आणि दुसऱ्या हातानं त्यांनी दाखवलं तिथे सही केली. आता कागद साहेबांच्या खणात आहे, खाली माझी सही आणि मधे जागा कोरी. तिथे सोमवारी ते काय लिहितील ते त्यांच्या मर्जीवर. झोप म्हणून येत नाही.

दादाचा नंबर पाकिटाच्या आतल्या बाजूला आहे. मी काल दोनदा लावला, त्याचा हॅलो ऐकला आणि ठेवून दिला. माझ्या तोंडून शब्द निघत नाही, म्हणून तुम्हाला सांगतेय. तुम्ही कोण आहात मला माहीत नाही. त्याला एवढंच सांगा, धाकटीची सही झालीय, जागा कोरी आहे, सोमवारी सकाळी नऊच्या आत ये. तो पाटीवरून काही बोलला तर बोलू द्या. हसला तर हसू द्या. पण येतो म्हणेपर्यंत फोन ठेवू नका. आत्याला घोटभर पाणी द्या आणि आधी त्याला फोन लावा.